परसांतील सरवा

वचन : लेवीय १९:९, १०, निर्गम २३:११



देवानें मोशेच्या द्वारें इस्राएल लोकांस जे नियम लावून दिले, त्यांत गरिबाची आठवण ठेवणारा एक मोठा सुंदर नियम आहे. शेत कापतांना बांधाच्या कडेपर्यंत सगळें कापून घेऊं नका. हातून गळलेलीं कणसें मागें वळून गोळा करूं नका. द्राक्षमळ्यांतील वेलही ओरबाडून रिकामे करूं नका. जें मागें राहील तें गरिबाचें व उपऱ्याचें आहे, असा त्याचा भावार्थ. सरवा म्हणजे काय, हें खेड्यांत राहणाऱ्या माणसास समजावून सांगावयास नको. ज्वारीची काढणी झाली, भुईमूग उपटून झाला, कीं मागें राहिलेलीं कणसें व शेंगा वेचावयास जाणाऱ्या आयाबहिणी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. मवाब देशाची रूथ बवाजाच्या शेतांत सरवाच वेचीत होती. आणि त्या सरव्यावर जगलेल्या परक्या विधवेच्या वंशांत दावीद राजा जन्मला, व देहाप्रमाणें पाहतां आपला प्रभुही जन्मला. शेतांत मागें राहूं दिलेल्या मूठभर धान्यापासून देव काय घडवून आणील, हें कापणारास त्या वेळीं कळत नाहीं.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत हाच विचार आणखी एक पाऊल पुढें जातो. सातव्या वर्षीं जमीन पडीक ठेवावी. तींत आपोआप उगवेल तें गरिबांनीं खावें. आणि गरिबांनीं खाऊन उरेल तें रानच्या पशूंनीं खावें. ही पंगत पाहा. गरिबाच्या मागें रानचा जीव बसला आहे. देवानें मांडलेल्या पंगतींत सर्वांत शेवटीं बसणाराही विसरला गेला नाहीं.

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, आम्हांस शेत कोठें आहे? आम्ही दुसऱ्याच्या बांधावर राबणारीं माणसें." खरें आहे. परंतु बहुतेकांच्या घरामागें चार हात कां होईना, परस आहे. मोरीचें पाणी तेथें जातें. कोंबड्या तेथें उकरतात. एखादी लिंबोणी, एखादा शेवगा, कुंपणास लागून सीताफळाचें झुडूप, पावसाळ्यांत छपरावर चढणारा भोपळ्याचा वेल, इतकें तेथें असतें. आजचें बोलणें त्या चार हात परसाविषयीं आहे. त्यांत तीन गोष्टी ध्यानांत घ्यावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट : परस हें देवानें सोंपविलेलें काम आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांतील पंधरावें वचन उघडून पाहा. मनुष्यास एदेन बागेंत ठेविलें तें दोन कामांसाठीं : तिची मशागत करावी म्हणून, आणि तिची राखण करावी म्हणून. मशागत म्हणजे जमिनीपासून पीक घेणें. राखण म्हणजे तिच्या ठायीं जें आहे तें नाहींसें होऊं न देणें. जो केवळ घेतो, त्यानें अर्धी आज्ञा पाळली व अर्धी टाकिली. पुढें बाबेलांत धरून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्यानें पत्र लिहिलें. भूमि परक्याची, राज्य परक्याचें, उद्यांचा भरंवसा नाहीं. तरी घरें बांधून बागा लावा व त्यांचीं फळें खा, असाच देवाचा निरोप त्यांत आहे. तेव्हां "जागा लहान आहे, आज आहे उद्यां नाहीं," ही सबब देवापुढें चालणार नाहीं.

विल्यम केरी ह्यांचें नांव आपणांस ठाऊक आहे. १८०५ सालीं त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, आणि १८११ सालीं श्रीरामपूर येथून मराठी नवा करार बाहेर पडला. परंतु हे भाषांतर करणारे गृहस्थ मोठे बागवानही होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाइतीची उन्नति करण्यासाठीं जी संस्था निघाली ती त्यांच्याच पुढाकारानें. १८२३ सालच्या पुरानें त्यांची बाग उद्ध्वस्त केली, तेव्हां साठी उलटलेल्या त्या मनुष्यानें ती पुन्हां लाविली. देवाचें वचन पेरणें व झाड लावणें ह्या दोन कामांत त्यांस विरोध दिसला नाहीं.

दुसरी गोष्ट : फळ हें एकट्या झाडाचें नसतें.

"भोपळ्याचा वेल गच्च फुलतो, पण फळ धरत नाहीं, धरलें तर सुपारीएवढें होऊन पिवळें पडतें व गळतें," अशी तक्रार दर पावसाळ्यांत ऐकूं येते. वेलाजवळ पहांटे जाऊन नीट पाहावें. कांहीं फुलांचा देंठ बारीक व सरळ असतो, तीं नरफुलें. कांहीं फुलांच्या खालीं इवलासा भोपळा आधींच दिसतो, तीं मादीफुलें. नरफुलांतील पिवळी भुकटी मादीफुलाच्या मध्यभागीं पोंचली तरच तो इवलासा भोपळा वाढतो. नाहीं तर गळतो. वेलास हात नाहींत, पाय नाहींत. ही भुकटी मधमाशी आपल्या अंगावर घेऊन जाते, तीही फूल मिटण्यापूर्वीं, सकाळच्या प्रहरांतच. माशा आल्या नाहींत तर नरफूल तोडून त्याचा पराग आपल्या हातानें मादीफुलास लावितां येतो. हा उपाय अवश्य करावा. परंतु जें काम देवाचा लहानसा चाकर फुकट करितो, तें आपणांस एकेका फुलाजवळ ओणवें होऊन करावें लागतें, तेव्हां त्या चाकराची किंमत कळते.

सीताफळाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या फुलास डौल नाहीं. तीन जाड हिरवट पाकळ्या, आणि त्याही अर्ध्यामुर्ध्या उघडलेल्या. हें फूल प्रथम मादी असतें व मागाहून नर होतें; म्हणून त्याचा स्वतःचा पराग त्याच्या कामीं वेळेवर पडत नाहीं. डोळ्यांस जेमतेम दिसणारे लहान भुंगेरे एका फुलांतून दुसऱ्या फुलांत शिरतात व पराग पोंचवितात. हे भुंगेरे झाडाखालीं कुजणाऱ्या फळांत व पाल्यांत वाढतात. मग परस झाडून, पाला पेटवून, जमीन आरशासारखी करणारी बाई आपल्याच सीताफळाच्या सेवकांचें घर जाळीत असते. पाला झाडाच्या बुंध्याभोंवतीं लोटून ठेवावा. त्याचें खतही होतें व ओलही टिकते.

शेवग्याच्या फुलांवर मोठा काळा भुंगा गुणगुणत येतो. त्यास हाकलूं नये. पेरू, जांभूळ, लिंबोणी ह्यांच्या फुलोऱ्यावर मधमाशा येतात. ज्या पपईच्या जातींत नर व मादी झाडें निराळीं असतात, तेथें नरझाड वांझ म्हणून समूळ तोडून टाकूं नये. दहांत एक तरी राहूं द्यावें, कारण सायंकाळीं पतंग त्याच्याच फुलांवरून मादीझाडाकडे जातात. केळीस मात्र ह्या सेवकांची गरज लागत नाहीं. आपल्या परसांतील केळीचा घड परागावांचूनच भरतो.

ही गोष्ट जगास नीट समजली तीही देवावर विश्वास ठेवणाऱ्या एका शाळामास्तराच्या चिकाटीमुळें. जर्मनींतील स्पांडाऊ येथें ख्रिस्तियान कोनराड स्प्रेंगेल नांवाचे शाळेचे मुख्य होते. १७८७ सालीं एका रानफुलाच्या पाकळीच्या तळाशीं त्यांस बारीक केस दिसले. ज्ञानी उत्पन्नकर्त्यानें एक केसही निष्कारण केला नसेल, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून ते शोध करीत बसले. फुलांतील मध पावसानें बिघडूं नये म्हणून ते केस आहेत, व तो मध कीटकांस बोलावण्यासाठीं आहे, असें त्यांस आढळून आलें. १७९३ सालीं त्यांनीं ह्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या विद्वानांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं, परंतु पुढें तोच ह्या शास्त्राचा पाया ठरला. आपल्या डोकीचे केसदेखील मोजलेले आहेत, असें प्रभूनें सांगितलें. ज्यानें फुलाच्या केसास काम नेमून दिलें, त्यानें तुमच्यासारख्या दुर्बळ मनुष्यास विनाकारण केलें असेल काय?

मधमाशीची आणखी एक चाल शिकण्याजोगी आहे. एका फेरींत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांस भेट देते. पेरूवर लागली तर पेरूच धरून चालते. म्हणूनच पराग योग्य ठिकाणीं पोंचतो. जो प्रचारक आज एका गांवीं, उद्यां दुसऱ्या, व कोठेंच पुरतें नाहीं, अशा रीतीनें फिरतो, त्यानें ह्या माशीकडे पाहावें.

तिसरी गोष्ट : परसांतही सरवा सोडावा.

आतां कठीण भाग येतो. मधमाशी आवडती आहे, कारण ती देते. परंतु लिंबोणीवरची अळी? कोंवळ्या पानावर मोहरीएवढें अंडें दिसतें. त्यांतून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुढें हिरवीगार होते. डिवचली असतां डोक्यामागून दुभंगलेलें शिंग बाहेर काढिते व उग्र वास सोडिते. ती पानें खाते. सुमारें महिन्याभरांत तिचें फुलपाखरूं होतें. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें ज्या नीलवंतास राज्याचें फुलपाखरूं म्हणून मान दिला, त्याच्या अळ्याही लिंबोणीच्या कुळांतील झाडांवरच वाढतात. कढीलिंबाच्या पानांवर, सीताफळाच्या पानांवर, बोरीच्या पानांवर निरनिराळ्या फुलपाखरांचीं पिलें आहेत. फुलांवर भिरभिरणारें पाखरूं पाहिजे, पण पान खाणारी अळी नको, असें म्हणणें म्हणजे कापणी पाहिजे पण पेरणी नको असें म्हणणें होय.

येथें गरीब घरची माउली विचारील : "माझी लिंबोणी गुडघाभर उंच आहे. दहा अळ्या लागल्या तर चार दिवसांत काड्या उरतील. मीं ती किड्यांस अर्पण करावी काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्यास धर्माच्या नांवाखालीं उडवून लावणें योग्य नव्हे. आपला पाठ ज्या अध्यायांत आहे, त्याच अध्यायाच्या तेविसाव्या वचनापासून पुढें वाचा. नवें लाविलेलें फळझाड तीन वर्षें अस्पर्श ठेवावें, त्याचें फळ खाऊं नये. चौथ्या वर्षाचें फळ परमेश्वराचें. पांचव्या वर्षीं तुम्ही खा. कोंवळ्या झाडापासून धन्यानेंही घेऊं नये, अशी देवाची आज्ञा आहे. मग अळीनें घ्यावें असें कसें म्हणतां येईल? म्हणून लहान रोपावरील अळ्या हातानें काढाव्या, व जवळ मोठी लिंबोणी किंवा मोठा कढीलिंब असल्यास त्यावर सोडाव्या. नसल्यास रोप वांचवावें. त्यांत पाप नाहीं. परंतु झाड पुरुषभर उंच होऊन त्यास बहर येऊं लागला, कीं थोडीं पानें गेल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. त्याची एखादी फांदी सरव्याची म्हणून सोडून द्यावी.

डाळिंबाविषयीं वेगळें सांगावें लागतें. एक फुलपाखरूं डाळिंबाच्या फळावर अंडें घालतें, व त्याची अळी फळ पोंखरून आंतले दाणे खाते. हें सरवा वेचणें नव्हे; ही भरल्या कोठारांत घुसणारी घूस आहे. फळ लहान असतांच त्यास फडक्याची किंवा कागदाची पिशवी बांधावी, व पोंखरलेलीं फळें वेंचून नष्ट करावीं. दया म्हणजे आंधळेपणा नव्हे. बवाजानें रूथेस सरवा दिला. खळें लुटूं दिलें नाहीं.

परंतु एक गोष्ट कळकळीनें सांगतों : घरामागच्या झाडावर शेतांतलें विष मारूं नका. शेतांत उरलेली बाटली घरीं येते, आणि "थोडें लिंबोणीवरही मारूं" असें वाटतें. त्याच परसांत लेकरूं रांगतें, कोंबडी चरते, धुणें वाळतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, हें विसरूं नका. जें विष धट्ट्याकट्ट्या पुरुषास पाडतें, तें पाळण्यांतल्या मुलास काय करील? शेतांत औषध मारणें भागच पडलें, तर झाड फुलोऱ्यावर असतां मारूं नका. मारणें तें सायंकाळीं, माशा पोळ्यास परतल्यावर. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वराजवळचें मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. एक सबंध गांव माशीच्या सोबतीनें संसार करूं शकतें, तर आपलें एक परस कां करूं शकणार नाहीं?

ह्यावर कोणी असें न समजो, कीं आम्ही किड्यामुंग्यांस पुजावयास सांगतों. तसें नव्हे. आपण सृष्टीस नमन करीत नाहीं. सृष्टीच्या धन्यास करितों. परंतु धन्याच्या घरीं राहणारा कारभारी धन्याच्या इतर चाकरांस लाथाडूं लागला, तर तो धन्याचा मान राखतो असें कोण म्हणेल?

आतां कोशाविषयीं दोन शब्द. अळी एके दिवशीं खाणें सोडते, रेशमाचा एक धागा कमरेस बांधून फांदीस चिकटते, आणि निर्जीव काडीसारखी दिसूं लागते. कांहीं दिवसांनीं त्यांतून पंख फुटलेला जीव बाहेर येतो. लेकरांस पुनरुत्थान शिकवितांना हें दाखविण्याची चाल आहे, व ती चांगली आहे. परंतु शिकविणारांनीं मर्यादा ओळखावी. कोशांतील जीव मेलेला नसतो. तो आंतून बदलत असतो. आपला प्रभु मात्र खरोखर मेला, पुरला गेला, आणि तिसऱ्या दिवशीं उठला. म्हणून कोश हा पुनरुत्थानाचा पुरावा नव्हे, केवळ त्याची आठवण आहे. आपली आशा कोशावर नव्हे, तर रिकाम्या थडग्यावर उभी आहे. त्या पहांटे मरीयेनें बागेंत प्रभूस पाहिलें, तेव्हां तो माळी आहे असें तिला वाटलें. ती नकळत खरें तेंच समजली. कारण जी बाग आदामानें गमाविली, ती राखावयास तोच पुन्हां आला होता.

आणखी एक विचार नवीन विश्वासणाऱ्यांच्या समाधानासाठीं. "तुमचा धर्म परदेशांतून आला," असा टोमणा तुम्हांस ऐकावा लागतो. सीताफळ, पेरू, पपई हीं झाडेंही समुद्रापलीकडून, अमेरिका खंडांतून आलीं. आज बालाघाटच्या डोंगरांत सीताफळ आपोआप उगवतें, आणि हिरवे ठिपके मिरविणारें देशी फुलपाखरूं, ज्याचीं पिलें पूर्वीं येथल्याच झाडांचीं पानें खात, तें त्याच्यावर निःशंक अंडें घालतें. झाड कोठून आलें हें पाखरूं विचारीत नाहीं. पान पोषण करितें कीं नाहीं, हें पाहतें. तुमच्या जीवनाच्या झाडाखालीं शेजाऱ्यास पोषण मिळालें, तर तो टोमणा आपोआप गळून पडेल.

शेवटीं, करावयाचें काय तें थोडक्यांत. येत्या मृगांत प्रत्येक घरानें एक तरी फळझाड लावावें. जागा कमी असल्यास लिंबोणी किंवा सीताफळ, सांडपाणी भरपूर असल्यास पपई. झाडाजवळ उथळ परळांत खडे घालून पाणी ठेवावें, म्हणजे माशा बुडणार नाहींत. आणि एक कोपरा ओल्या मातीचा राहूं द्यावा, कारण फुलपाखरें तेथें क्षार शोषावयास बसतात. झाड फळास आलें, कीं पहिलें फळ कापणीच्या सणास देवाच्या मंदिरांत आणावें, दुसरें शेजारच्या आजाऱ्यास द्यावें, मग आपण खावें. आणि एक फांदी न मोजतां सोडावी. प्रचारकबंधूंनीं हें स्वतःच्या दारीं आधीं करून दाखवावें. ज्यांच्या हातीं नवे विश्वासणारे सोंपविले आहेत, त्यांनीं कोंवळ्या रोपाचा नियमही लक्षांत ठेवावा. तीन वर्षें ज्या झाडाकडे फळ मागूं नये, त्याच्याकडे पहिल्याच वर्षीं वर्गणी, साक्ष व सेवा ह्यांचा तगादा लावूं नये. लूकाच्या तेराव्या अध्यायांतील माळ्यानें अंजिराच्या झाडासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें, आणि नुसतें मागून तो बसला नाहीं. खणून खत घालीन असें म्हणाला. आपणां सर्वांचें आयुष्य त्या मागून घेतलेल्या वर्षांतच चाललें आहे.

प्रार्थना करूं या : हे आकाश व पृथ्वी ह्यांच्या प्रभो, तूं आम्हांस लहानसें परस दिलें आहेस. त्यांत मशागत करावयास बळ दे व राखण करावयास मन दे. आमची मूठ उघडी ठेव, म्हणजे तिच्यांतून गळलेल्या सरव्यावर गरीब, उपरी व तुझे मुके जीव तृप्त होतील. आणि ज्या दिवशीं तूं फळ पाहावयास येशील, त्या दिवशीं आम्ही पानांनींच नव्हे तर फळांनीं भरलेले सांपडावें, असें येशू ख्रिस्त आमचा प्रभु ह्याच्या नांवानें मागतों. आमेन.